उभं राहून लिहिलेला कागद

आमच्या मॅडमच्या केबिनमध्ये खुर्ची एकच होती आणि तिच्यावर त्या बसत नसत. मुलाखतीला आलेला माणूस खुर्चीत, आणि एचआर मॅनेजर त्याच्यासमोर टेबलाला टेकून उभ्या. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, दुसरी खुर्ची दुरुस्तीला गेली असेल. अवघडून उभीच राहिले. तर म्हणाल्या, "बस गो बाय. मी बसली का सायब होते. मंग समोरचा मानूस खोटं बोलाला लागतो."

द्रोणागिरीला आमच्या कंपनीचं गोदाम आहे. बंदरातून कंटेनर येतात, माल उतरतो, ठेवला जातो, पुढे जातो. चारेकशे माणसं कामाला. मॅडम तिथल्याच, खाडीकडेच्या गावातल्या. घरची शेती नव्या शहराच्या नोडात गेली तेव्हा दहावी झालेल्या मॅडम एका कंपनीच्या टाइम ऑफिसात हजेरी लिहायला लागल्या. पदवी नोकरी करता करता घेतली, एचआरचा डिप्लोमा चाळिशीत. गावची माणसं त्यांना 'बाय' म्हणत, आम्ही 'मॅडम'. अंगावर कडक इस्त्रीची साडी आणि पायात लोखंडी टोपीचे सेफ्टी शूज. हेल्मेटमध्ये अंबाडा मावत नाही म्हणून तो मानेवर खाली बांधलेला, आणि त्यात अबोलीचा गजरा. मुंबईहून येणारे साहेब लोक आधी त्या बुटांकडे बघत, मग गजऱ्याकडे, आणि मग काय बोलायला आलो होतो ते विसरत.

माझ्या मुलाखतीत त्यांनी बायोडेटा उलटा ठेवला आणि विचारलं, "घरात कोन काय करतो?"

"वडील मार्केटमध्ये माथाडी आहेत. आई घरीच असते."

"घरीच म्हंजे?"

"म्हणजे... घरकाम."

"मंग 'घरीच' कशाला बोलतंस? तिचा जॉब डिस्क्रिप्शन सांग मना."

मी खारघरच्या कॉलेजातून एमबीए करून आले होते. आमच्या खानदानात पदवी घेतलेली मी पहिली. पुस्तकात प्रत्येक धड्याच्या शेवटी महत्त्वाच्या संज्ञांचं एक पान असायचं, ती सगळी पानं माझी तोंडपाठ. जॉब डिस्क्रिप्शन म्हणजे कामाचं वर्णन आणि जॉब स्पेसिफिकेशन म्हणजे ते काम करायला माणसाकडे काय हवं, हे मी झोपेतही सांगितलं असतं. पण आईचं वर्णन सांगताना मला घाम फुटला. पहाटे चारला पाणी. बाबांचा डबा, कारण ते सहाच्या आत निघतात. मग साड्यांना फॉल-पिको, त्यातून माझ्या कॉलेजची फी. सोसायटीतल्या दोन म्हाताऱ्यांच्या गोळ्यांच्या वेळा तिच्या लक्षात. बाबांच्या मानेला तेल, रोज, न चुकता. सांगत गेले तर संपेच ना. मॅडमनी थांबवलं नाही. शेवटी म्हणाल्या, "एवडं बगितलंस ना, चल. सोमवारपासून ये. सा महिने प्रोबेशन."

व्याख्या मला कुणी विचारल्याच नाहीत. जरा वाईटच वाटलं.

बाबांनी मार्केटमध्ये पेढे वाटले. "माझी पोरगी एचआर झाली," असं ते सगळ्यांना सांगत सुटले. एका रात्री जेवताना मला हळूच म्हणाले, "आगं, पन त्यात करायचं काय असतंय नेमकं?" मी सांगितलं, माणसं निवडायची, त्यांना कामं द्यायची, भांडणं सोडवायची, कोण येतो-जातो ते बघायचं.

"म्हंजी मुकादम," बाबा म्हणाले.

मला राग आला. मुकादम व्हायला एमबीए कशाला हवं? दुसऱ्या दिवशी मी हे मॅडमना विनोद म्हणून सांगितलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "बापूस बरोबर बोलला तुजा. फकस्त चांगला मुकादम हो." त्या दिवसापासून मला हाक 'सातारा'. बाबा जावळीकडचे, म्हणून. "ए सातारा, फायली आन."

मॅडमच्या तोंडी इंग्रजी संज्ञा सगळ्या होत्या, पण त्यांचा अर्थ त्यांनी स्वतः काढलेला. इंडक्शन म्हणजे नव्या माणसाला कंपनीची ओळख करून देणं. कॉलेजात आम्हाला त्यासाठी साठ स्लाइडांचं प्रेझेंटेशन करायला लावलं होतं. मॅडमचं इंडक्शन पायी चालायचं. आधी संडास दाखवायचा, मग पिण्याचं पाणी, मग सावली कुठं मिळते ती जागा, मग तक्रार कुणाकडे करायची तो माणूस. कंपनीचा इतिहास सगळ्यात शेवटी, तोही वेळ उरला तर. "पयल्या दिवशी मानसाला मुतायला कुटं जायाचं ते कलत नाय, आनि तुमी त्याला व्हिजन दाखवता," असं त्यांनी एका ट्रेनरला तोंडावर सांगितलं होतं.

अप्रेझलच्या, म्हणजे वर्षभराच्या कामावर शेरे लिहायच्या महिन्यात सुपरवायझर लोक त्यांना टाळायचे. कारण त्यांचा नियम असा, की कामगाराबद्दल जे कागदावर लिहिणार ते आधी त्याच्यासमोर तोंडाने बोलायचं. एका सुपरवायझरने एकाला 'अॅटिट्यूड प्रॉब्लेम' असं लिहिलं होतं. मॅडमनी दोघांना समोरासमोर उभं केलं. "बोल." सुपरवायझर बराच वेळ पंख्याकडे बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, "मॅडम, तो माझं ऐकतो, पण हसून ऐकतो." कामगार तेव्हाही हसतच होता. शेरा खोडला गेला.

आणि एक्झिट इंटरव्ह्यू. नोकरी सोडणाऱ्याला का सोडतोस म्हणून विचारतात, ती शेवटची बैठक. मॅडम ती गेटाबाहेर टपरीवर घ्यायच्या. गेटाच्या आत माणूस 'घरगुती कारण' सांगतो. गेटाबाहेर, चहा घेता घेता, खरं सांगतो, असं त्यांचं म्हणणं. एकदा एकाच महिन्यात पॅकिंगमधल्या सहा बायका सोडून गेल्या. हेड ऑफिसने अॅट्रिशन, म्हणजे सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण, वाढलं म्हणून तक्ता मागवला. मॅडम टपरीवर गेल्या आणि अर्ध्या तासात कारण घेऊन आल्या. बसची वेळ बदलली होती आणि आता ती बायकांना शाळा सुटून गेल्यावर घरी पोचवत होती. मुलं कुलुपाबाहेर बसून राहायची. बस पंधरा मिनिटं आधी सोडली, चार बायका परत आल्या. तक्ता मग मी केला, रंगीत.

गेल्या वर्षी त्या स्वतः निवृत्त झाल्या तेव्हाही मला टपरीवरच नेलं. म्हणाल्या, "घे माजा इंटरव्ह्यू." मी विचारलं, का सोडताय? तर म्हणाल्या, "वय झालं, दुसरं काय? चहाचे पैसे तू दे."

पण त्यांचा सगळ्यात मोठा हट्ट वेगळाच होता. कुठल्याही पोस्टचा जॉब डिस्क्रिप्शन लिहायचा तर आधी त्या कामाला अर्धी शिफ्ट उभं राहायचं. बघत नाही, करत. लिहून झालं की जो ते काम करतो त्याला वाचून दाखवायचं, आणि तो 'बरोबर आहे' म्हणाला तरच पुढे पाठवायचं. "जिथं उभी रायली नाय, त्याचा कागद मी करनार नाय." क्रेनच्या केबिनमध्ये साडी खोचून बसलेल्या मॅडमचा फोटो कुणीतरी काढला होता. तो कंपनीच्या ग्रुपवर फिरला, लोक हसले. मॅडमनी तोच डीपी ठेवला.

माझ्या प्रोबेशनच्या तिसऱ्या महिन्यात हेड ऑफिसचं पत्र आलं. सगळ्या पोस्टची नव्याने प्रतवारी करायची होती, म्हणून गोदामातल्या आठ पोस्टचे जॉब डिस्क्रिप्शन आणि स्पेसिफिकेशन पाठवा. मॅडमच्या भाचीची हळद आणि लग्न त्याच आठवड्यात. त्यांच्या गावात हळद म्हणजे आख्खा गाव आणि आख्खी रात्र. त्या चार दिवस रजेवर गेल्या. जाताना म्हणाल्या, "सातारा, तू कर. येतंय तुना." मी हवेत.

सात ठिकाणी मी खरंच उभी राहिले. पॅकिंगला, ट्रॉलीवर, कोल्ड रूममध्ये सुद्धा. आठवी पोस्ट होती गेट चेकरची. मे महिना, गेटावर डांबर पाघळत होतं. शुक्रवारी दुपारी यादी पाठवायची होती. आणि मला वाटलं, गेटावर उभं राहून नंबर बघायचे, त्यात बघायचं काय? इंटरनेटवर एक नमुना मिळाला तो घेतला. 'शैक्षणिक पात्रता' असा रकाना होता. तिथे मी लिहिलं, 'पदवीधर'.

का लिहिलं, ते मी नंतर स्वतःला पुष्कळदा विचारलं. खरं उत्तर असं, की मला वाटलं, पदवीधर लिहिलं की त्या पोस्टची इज्जत वाढते. माझी वाढली होती ना. आमच्या चाळीसारख्या बिल्डिंगमध्ये लोक मला 'अहो' म्हणायला लागले होते. तोच मान मी गेटालाही देऊन टाकला.

गेटावर बबनमामा होते. अकरा वर्षं तिथंच. शिक्षण सातवी.

दोन आठवड्यांनी मेल आली. गेट चेकर या पदावरील कर्मचारी पात्रतेत बसत नाही; त्याला एजन्सीमार्फत हेल्पर म्हणून वर्ग करावं आणि पदवीधर उमेदवार घ्यावा. एजन्सीमार्फत म्हणजे कायम नोकरी गेली. म्हणजे उद्या ये म्हटलं तर यायचं, नको म्हटलं तर घरी.

मॅडमनी मेल दोनदा वाचली. मग मला बोलावलं. "पदवीधर कुटून आलं?"

"मी लिहिलं."

"गेटावर उभी रायलीस?"

"नाही."

मला वाटलं, आता बोलतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी तिथल्या तिथे हेड ऑफिसला उत्तर लिहिलं. चूक माझ्या विभागाची आहे, कागद पुन्हा करून पाठवते, तोवर कुणालाही हलवू नये. सही स्वतःची. मग मला म्हणाल्या, "उद्या सातला गेटावर. सा दिवस. बबन तुजा सायब. आनि त्याला हे तूच सांगायचं, मी नाय. ग्रीव्हन्स घेऊन तो इथं येनार, त्याच्या आदी तू त्याच्याकडं जा."

"मॅडम, मी काय सांगू त्यांना?"

"जे केलंस ते."

थोडं थांबून त्यांनी आणखी एक विचारलं, अगदी साध्या आवाजात. "तुजा बापूस किती शिकला?"

"चौथी."

"मंग मुकादम म्हनून चालंल का आपल्याकडं?"

बाबा तीस वर्षं पोत्यांची थप्पी लावतात. कुठलं पोतं खाली घ्यायचं आणि कुठलं वर, ते हात लावून सांगतात. त्यांची एकही थप्पी कोसळल्याचं मी ऐकलेलं नाही. आणि मी लिहिलेल्या त्या एका शब्दाने त्यांना गेटातूनच परत पाठवलं असतं.

दुसऱ्या दिवशी सातला मी बबनमामांपुढे उभी राहिले आणि सगळं सांगितलं. ते एका ट्रेलरभोवती फिरत होते. ऐकताना फिरणं थांबलं नाही. मी संपवल्यावर म्हणाले, "म्हणजे आता मी नाय बसत त्यात."

"नाही बसत, मामा. माझ्यामुळे."

"बायकोला काय सांगू? अकरा वर्षं कायम होतो, आता रोजावर आलो?"

ते माझ्या पायांकडे बघत म्हणाले, "या चपला इथं चालायच्या नाहीत. जा, बूट घालून ये."

सहा दिवस मी त्यांच्या हाताखाली होते. पहिल्याच दिवशी मी एक ट्रेलर पास केला. कंटेनरचा नंबर कागदाशी जुळत होता, दाराच्या सीलचा नंबरही जुळत होता. मामांनी माझा हात धरून सीलवर ठेवला. "ओढू नको. ओढलं तर सगळीच घट्ट लागतात. फिरव." मी फिरवलं. सील गरगर फिरलं. कापून परत चिकटवलेलं होतं. ड्रायव्हर खाली उतरून आवाज चढवायला लागला, मागे चार ट्रेलर हॉर्न देत होते. मामांनी त्याच्याकडे बघितलंही नाही. "साइडला घे," एवढंच म्हणाले, आणि ट्रेलर साइडला गेला.

तिसऱ्या दिवशी त्यांनी मला एका रिकाम्या कंटेनरमध्ये उभं केलं आणि दारं बाहेरून लावली. आत काळोख आणि भट्टी. "काय दिसतंय?" बाहेरून आवाज.

"काही नाही, मामा."

"वर बघ. कोपरे बघ. उजेडाचा ठिपका दिसला तर सांग."

कुठेच काही दिसेना. त्यांनी दार उघडलं, स्वतः आत आले, परत दार लावून घेतलं, आणि दोन श्वासांत म्हणाले, "डावीकडं, पत्र्याच्या तिसऱ्या पन्हळीत." सुईच्या टोकाएवढं भोक होतं. त्यातून पाणी गेलं असतं तर आतला सगळा माल भिजला असता. कंटेनरच्या पत्र्यावर ते काठीने वाजवायचे आणि आवाजावरून सांगायचे, इथं पॅच मारलाय. मीही वाजवायचे. मला सगळीकडे सारखंच वाजायचं.

मॅडम रोज दुपारी येऊन लांब उभ्या राहायच्या. बोलायच्या नाहीत. पाचव्या दिवशी मामांना विचारलं, "कशी हाय पोर?"

"अजून पाच-सहा महिने लागतील," मामा म्हणाले. माझ्यासमोरच.

सहाव्या दिवशी मी कागद लिहिला. मराठीत आधी, मग इंग्रजीत. मामांना वाचून दाखवला. ते डोळे मिटून ऐकत होते. मी वाचलं, "कंटेनरची तपासणी करतो."

"ते खोड."

"का?"

"तपासणी कुणीपण करंल. मी गाडी थांबवतो. ड्रायव्हर ओरडू दे, साहेब फोन करू दे, थांबवायची परवानगी माझी आहे. ते लिही."

कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की कामासोबत जबाबदारी येते, आणि जबाबदारीसोबत अधिकार द्यावा लागतो. परीक्षेत त्यावर मला दहापैकी नऊ मार्क होते. सातवी शिकलेल्या माणसाने मला त्या नवांचा अर्थ सांगितला. मी लिहिलं. पात्रतेच्या रकान्यात लिहिलं: आकडे आणि इंग्रजी मोठी अक्षरं वाचता यावीत, जुन्या चेकरच्या हाताखाली किमान सहा महिने काम केलेलं असावं.

मॅडमनी वाचलं. मला वाटलं, सही करतील. त्यांनी पेन माझ्याकडे दिलं. "तू कर."

"मॅडम, मी प्रोबेशनवर आहे. माझ्या सहीला कोण विचारणार?"

"गेटावर कोन व्हतं? मी व्हते?"

हेड ऑफिसचे साहेब व्हिडिओ कॉलवर आले. वयाने तरुण, बोलायला नम्र, पण घाईत. त्यांनी कागद वर धरला. म्हणाले, आधी पदवीधर लिहिलं होतं, आता खाली आणलंय, असं कसं? एका माणसाला वाचवायला पोस्टची पातळी कमी करता येत नाही. आणि हो, यावर विभागप्रमुखांची सही नाही.

मॅडम कॅमेऱ्यासमोरही उभ्याच होत्या. म्हणाल्या, "सर, जी सा दिवस उभी व्हती तिची सही हाय. तिला विचारा." आणि त्या बाजूला झाल्या. पडद्यावर आता मी एकटी.

काय बोलायचं ते रात्रभर पाठ केलं होतं, सगळ्या व्याख्यांसकट. एकही आठवेना. मग जे होतं तेच बोलले.

"सर, पदवीधर मी लिहिलं होतं. तेव्हा मी गेटावर उभी राहिले नव्हते, नमुना बघून लिहिलं. नंतर सहा दिवस उभी राहिले. पहिल्या दिवशी कापलेलं सील मी पास केलं होतं. ते त्यांनी थांबवलं. तिसऱ्या दिवशी कंटेनरमधलं भोक मला दिसलं नाही, त्यांना दिसलं. सर, मी पदवीधर आहे. एमबीए आहे. आणि हे काम मला येत नाही."

साहेबांनी कागद परत एकदा वाचला. मग त्यांनी विचारलं, "सहा महिने कशासाठी? तीन चालणार नाहीत?"

"मी त्यांनाच विचारलं, सर. ते म्हणाले, पावसाळा आणि उन्हाळा दोन्ही बघायला पाहिजेत. पत्र्याचा आवाज बदलतो."

साहेबांनी ते लिहून घेतलेलं मला दिसलं. "कळवतो," म्हणाले आणि कॉल संपला.

मॅडमनी लॅपटॉप मिटला. माझ्याकडे बघितलं नाही. खिडकीशी गेल्या, तिथून गेट दिसतं. मला वाटलं, मी वाट लावली. भर मीटिंगमध्ये, प्रोबेशनवर असताना, मला काम येत नाही म्हणून सांगून बसले.

कॉल चालू असतानाच टाइम ऑफिसचा नवा क्लार्क दारात येऊन थांबला होता. त्याने विचारलं, "मॅडम, ही कोण बोलत होती आत्ता?"

"आमची एचआर," मॅडम म्हणाल्या.

चौथ्या दिवशी मंजुरी आली. बबनमामा आहेत तिथेच, कायम. मी मेलचा कागद घेऊन गेटाकडे धावले. ते एका कंटेनरच्या दाराशी वाकलेले होते. मी वाचून दाखवलं. त्यांनी मान हलवली, दोन्ही हात पँटला पुसले, कागद घेतला, स्वतःच्या नावावर बोट ठेवून एकेक अक्षर जुळवत वाचलं. मग घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला आणि खिशाचं बटण लावलं.

"उद्या येणार का?" त्यांनी विचारलं.

"कशाला, मामा? झालं की आता."

"सील शिकलीस. पत्रा राहिलाय अजून."

मी वर खिडकीकडे बघितलं. मॅडम उभ्या होत्या.

"सातला येते," मी म्हणाले.